शिध्याला पैसे आहेत, अर्जाला नाहीत

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत दान कुठे करावं, यावर लेख होता. अन्नछत्र, वृद्धाश्रम, गोशाळा, डायलिसिस केंद्र, खेड्यातली वाचनालयं. यादी चांगली होती, मी कापूनही ठेवली. आमच्या ह्यांना म्हटलं, "यात आमच्यासारखं एकही नाही." ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "तुमचं काम दिसत नाही ना." त्यावरून हे पत्र.

सहकारी बँकेत ३२ वर्षं नोकरी केली, शेवटची ११ वर्षं कर्ज विभागात. निवृत्तीनंतर शुक्रवार पेठेतल्या एका लहानशा न्यासाची खजिनदार झाले. म्हणजे रोजकीर्द मी लिहिते, सप्टेंबरअखेर हिशेब धर्मादाय कार्यालयात पोचतात की नाही ते पाहते आणि चहाचं बिल कुणी दोनदा लावलं तर तेही पकडते. आमच्याकडे पथारीवाले, कचरावेचक आणि धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या बायका येतात. वस्तू आम्ही काही देत नाही. अर्ज लिहून देतो, सुनावणीला सोबत जातो, वकील गाठून देतो. दाराशी एक काळा फळा आहे, त्यावर कुणाचा कुठला कागद किती दिवस अडलाय ते खडूने लिहितो. पुण्यात पाटी लावल्याशिवाय काम होत नाही, हे आपण जाणताच.

एकच प्रकरण सांगते. गेल्या वर्षी गौरी-गणपतीच्या तोंडावर एका मावशींचा माल उचलला. कुणी उचलला ते इथे लिहीत नाही. दोन पाट्या टोमॅटो, साठ गड्ड्या कोथिंबीर, अर्धं पोतं लिंबं आणि वजनकाटा. पहाटे मार्केट यार्डातून माल आणताना त्यांनी सकाळी नऊशे घेऊन संध्याकाळी हजार परत करायचे, या बोलीवर पैसे घेतले होते. मी सवयीने मनातल्या मनात व्याजाचा दर काढला. एका दिवसाला अकरा टक्के! बँकेत वर्षाला साडेतेरा लावले तर गिऱ्हाईक टेबलावर हात आपटायचं.

पथविक्रेत्यांचा कायदा २०१४ चा आहे. त्याच्या कलम १९ नुसार माल जप्त केला, तर त्याची सहीची यादी विक्रेत्याला द्यावी लागते. शुल्क भरून मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकीचा दोन कामाच्या दिवसांत परत करावा लागतो. मावशींना यादी मिळाली नव्हती. आणि यादीच नाही, तर मागायचं काय? तीन दिवसांनी काटा मिळाला. कोथिंबिरीचं काय झालं असेल ते सांगायला नको. हजार रुपये मात्र त्याच संध्याकाळी द्यावे लागले.

त्या महिन्यातल्या जप्तीच्या सगळ्या याद्यांच्या प्रती आम्ही माहिती अधिकारात मागितल्या. कायद्याने अर्ज नागरिकाने करायचा असतो, संस्थेने नाही, म्हणून तो माझ्या नावाने केला. मावशींचं नाव मुद्दामच घातलं नाही. तळेगावात १३ जानेवारी २०१० ला माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी सकाळी फिरायला बाहेर पडले आणि त्यांचा खून झाला, हे आमच्या पिढीचे लोक विसरलेले नाहीत. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागला. तिसाव्या दिवशी उत्तर आलं, "सदर माहिती अभिलेखात आढळून येत नाही." वीस रुपयांचा स्टँप लावून पहिलं अपील केलं. हा कायदा १२ ऑक्टोबर २००५ ला लागू झाला, तेव्हा देशातला पहिला अर्ज पुण्यातल्याच एका पोलीस ठाण्यात दाखल झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. त्यामुळे 'आढळून येत नाही' हे वाक्य या शहराने गेली वीस वर्षं ऐकलं असेल. तरी ते वाचताना दर वेळी कपाळाची शीर उडते.

अपिलाची तारीख लागण्याआधीच एक बातमीदार फळ्यापाशी थांबला. उपनगरांच्या बातम्या करणारा, बातमीमागे मानधन घेणारा. गाडी स्वतःची, पेट्रोलही स्वतःचं. त्याने आमच्या कागदांवर आंधळा विश्वास टाकला नाही, हे मला आवडलं. आणखी तीन पथारीवाल्यांना भेटला, कार्यालयाचं म्हणणं घेतलं आणि पाचव्या पानावर चार इंच बातमी दिली. आठवड्याभरात त्या रस्त्यावर कार्बन घालून याद्या मिळू लागल्या! पहिली यादी घेऊन एक दादा धावतच आले. निळसर, पुसट कार्बन, 'केळी – ६ डझन' आणि खाली सही. मी ती लॅमिनेट करून घेतली. लॅमिनेशनचे तीस रुपये हिशेबात दाखवले नाहीत, ते माझे.

वर्षभरानंतर, आता नोटीस आली आहे. एका माननीयांच्या वकिलांची, बातमीदाराला आणि आम्हाला. बदनामी, बिनशर्त माफी, २५ लाख भरपाई. बातमीत माननीयांचं नाव कुठेच नव्हतं. त्या बातमीदाराला त्याच्या दैनिकाने सांगितलं, की तू आमच्या पगारपत्रकावर नाहीस. माध्यम प्रतिनिधींवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा केला आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा. पण तो मारहाणीसाठी आणि तोडफोडीसाठी. रजिस्टर्ड पोस्टाने आलेला हल्ला त्यात बसत नाही. अब्रुनुकसानी हा आपल्याकडे अजून फौजदारी गुन्हाच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तो कायम ठेवला आणि नव्या न्याय संहितेतही तो कलम ३५६ म्हणून आला आहे. वृत्तपत्रस्वातंत्र्यात भारत १८० देशांत १५१ वा, ही बातमी आपण २०२५ च्या मे महिन्यात छापली असेल. आमच्या फळ्यापाशी त्या आकड्याचा अर्थ एवढाच, की चार इंच छापून आलेला माणूस पाचवा इंच लिहावा की नाही, याचा विचार करतोय.

आता पैशांचं. स्टँप, झेरॉक्स, टपाल, रिक्षा, वकिलांकडच्या फेऱ्या, हे सगळं ताळेबंदात 'प्रशासकीय खर्च' या सदराखाली जातं. देणगीदार भेटायला आला की पहिला प्रश्न, "प्रशासकीय खर्च किती टक्के?" तोच तर आमचा स्वयंपाक आहे, हे सांगितलं की चेहरे पडतात. गेल्या दिवाळीत एक सद्गृहस्थ ५०० शिध्याच्या पिशव्या द्यायला तयार होते, पिशवीवर आईवडिलांच्या नावासह. मी विचारलं, त्यातल्या वीस पिशव्यांचे पैसे वकिलांच्या फीसाठी द्याल का? ते म्हणाले, "वहिनी, भांडणाला पैसा नको." वाईट वाटलं, पण त्यांचंही चुकलं असं म्हणवत नाही. पिशवी हातात घेतलेल्या बाईचा फोटो निघतो, अपिलाचा निघत नाही. हल्ली पगारदार माणसं नव्या करप्रणालीत गेल्यामुळे देणगीवरची करसवलतही त्यांना मिळत नाही, तेव्हा ती ओढही संपली.

मोठ्या कंपन्यांनी सामाजिक कामांवर करायच्या खर्चाची (सीएसआर) यादी कायद्याला जोडलेली आहे. तिच्यात भूक, शिक्षण, आरोग्य, पर्यावरण आहे, वृत्तपत्रस्वातंत्र्य नाही. 'असल्या संस्था परदेशी पैशांवर चालतात' असं सोसायटीच्या बैठकीत ऐकवणाऱ्यांना माहीत नसेल म्हणून सांगते, नोंदणीकृत वृत्तपत्राच्या बातमीदाराला, संपादकाला किंवा मालकाला परदेशी देणगी घ्यायला एफसीआरए कायद्याने बंदीच आहे. म्हणजे त्या पोराच्या पाठीशी उभं राहायचं, तर ते पुण्यातल्याच लोकांनी.

आणि पुण्याला हे नवीन नाही. १८८२ मध्ये कोल्हापूरच्या दिवाण बर्व्यांनी टिळक-आगरकरांवर खटला भरला, तोही अब्रुनुकसानीचाच. त्यांच्या जामिनाचे दहा हजार रुपये उभे केले रामशेठ उरवणे यांनी, जोतिराव फुल्यांच्या शब्दावर. 'केसरी'चं आणि सत्यशोधकांचं किती पटायचं ते आपल्याला ठाऊक आहे. तरी दोघे डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून बाहेर आले, तेव्हा त्यांच्या स्वागताला सत्यशोधक होते. वृत्तपत्र आपल्या मताचं आहे का, हे जोतिरावांनी आधी तपासलं नाही. सत्यशोधकांचंच 'दीनबंधु' हे वृत्तपत्र पुण्यात १८७७ मध्ये निघालं. ते पुढे चालवणाऱ्या नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना बांधली आणि १८९० मध्ये त्यांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. पत्र, हक्क आणि पोट त्या माणसाने वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलं नव्हतं.

शिधा देऊ नका, असं मी म्हणत नाही. मावशींना तो लागतो, आणि मी स्वतःही देते. पण त्यांच्या पथारीचं प्रमाणपत्र झालं, तर बँक त्यांना दारात उभी करते. पीएम स्वनिधी योजना २०२० मध्ये सुरू झाली तेव्हा पहिलं कर्ज दहा हजारांचं होतं, पण कागदाशिवाय तेही नाही. कर्ज विभागातली बाई म्हणून सांगते, नऊशेचे हजार करणाऱ्या माणसापासून सुटका शिध्याने होत नाही, कागदाने होते. आणि कागद वेळेवर निघतो तो कुणीतरी विचारतंय आणि कुणीतरी छापतंय, या धाकाने.

आपल्याकडे दोन मागण्या. दानाच्या पुढच्या यादीत कायदेशीर मदत करणाऱ्या संस्थांना दोन ओळी द्याव्यात. आमचं नाव नसलं तरी चालेल, शहरात आमच्यापेक्षा जुन्या आणि चांगल्या संस्था आहेत. दुसरी मागणी जरा अवघड आहे. आपल्या दैनिकाचे मानधनावरचे बातमीदार नोटीस आली तर कुणाला फोन करतात, ते एकदा त्यांनाच विचारून पाहावं.

आपली,
एका न्यासाची खजिनदार, शुक्रवार पेठ, पुणे

ता. क. – माझं नाव-पत्ता आपल्या माहितीसाठी वेगळ्या कागदावर जोडला आहे, छापू नये. मला भीती नाही, पण घरचा फोन आमचे हे उचलतात.