ठिपका नाही म्हणजे आग नाही असं नव्हे

प्रिय अनिरुद्ध,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. उपग्रहाने टिपलेल्या वणव्यांचे नकाशावरचे ठिपके आणि वातावरणातल्या धुराचे आकडे एकत्र आणून कुठल्या आगीतून किती धूर निघाला हे काढायचं तू मनावर घेतलंस, याचा फार आनंद झाला. फक्त एक वाक्य खटकलं : ‘जिथे ठिपका नाही तिथे शून्य धरतोय.’ तसं धरू नकोस. उपग्रहाने पाहून ‘आग नाही’ म्हणणं आणि उपग्रहाला दिसलंच नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुझं पुढचं सगळं गणित या फरकावर उभं राहणार आहे.

मोडिस या उपग्रहावरच्या सेन्सरची आगीची फाईल उघड. त्यात प्रत्येक पिक्सेलला एक अंक दिलेला असतो. ३ म्हणजे पाणी, ४ म्हणजे ढग, ५ म्हणजे आग नसलेली स्वच्छ जमीन, ६ म्हणजे ठरवता आलं नाही. ७, ८ आणि ९ म्हणजे आग. विश्वास अनुक्रमे कमी, मध्यम, जास्त. शून्य धरायचा हक्क आपल्याला फक्त ५ ला आहे. ४ आणि ६ रिकामे ठेवायचे. नुसती ठिपक्यांची यादी उतरवलीस तर ही माहिती हाती येतच नाही, म्हणून मास्कची, म्हणजे या अंकांच्या नकाशाची, मूळ फाईलच घे.

आता ठिपका पडतो कसा ते बघ. जमीन ३०० केल्विन आणि आग ८०० केल्विन धर. ४ मायक्रॉनच्या तरंगलांबीला ती आग त्याच क्षेत्रफळाच्या जमिनीपेक्षा सुमारे १८०० पट तेजस्वी असते, ११ मायक्रॉनला जेमतेम १९ पट. त्यामुळे १ चौरस किलोमीटरच्या पिक्सेलमध्ये १००० चौरस मीटर, म्हणजे हजारावा भाग, जळत असला तरी ४ मायक्रॉनचं दीप्ती-तापमान (तेजावरून काढलेलं तापमान) ३०० वरून ३२८ च्या आसपास जातं. ११ मायक्रॉनचं मात्र एखाद्या अंशानेच हलतं. आग ओळखण्याची सगळी पद्धत या दोन तरंगलांबींतल्या फरकावर चालते. तो फरक आजूबाजूच्या पिक्सेलशी ताडून पाहतात. शेजाऱ्यांची खिडकी ३×३ पिक्सेलपासून सुरू होते आणि पुरेसे स्वच्छ शेजारी मिळेपर्यंत २१×२१ पर्यंत वाढते. शेजारी मिळालेच नाहीत तर उत्तर ६.

हीच आग भूस्थिर उपग्रहाच्या २ किलोमीटरच्या पिक्सेलमध्ये असेल तर तापमान जेमतेम १० अंशांनी वाढेल. दुपारच्या तापलेल्या उघड्या जमिनीत ते सहज बुडून जातं. उलट व्हिर्स या ध्रुवीय उपग्रहांवरच्या सेन्सरच्या ३७५ मीटरच्या पिक्सेलमध्ये हीच आग सेन्सरची ३६७ केल्विनची कमाल मर्यादा ओलांडते. तिथे आग दिसते, पण किती मोठी ते कळत नाही. म्हणूनच ३७५ मीटरच्या ठिपक्यासमोर छापलेली शक्ती (आग दर सेकंदाला विकिरणाने टाकते ती उष्णता) ७५० मीटरच्या पिक्सेलच्या दुसऱ्या तरंगपट्ट्यातून काढलेली असते. एकाच मोठ्या पिक्सेलमधले दोन-तीन ठिपके बेरजेला घेताना हे विसरू नकोस. फार प्रखर आगीत हा सेन्सर मर्यादेपलीकडे उलटा आकडाही देतो : आगीच्या मधोमध आजूबाजूपेक्षा कितीतरी थंड पिक्सेल दिसतो. तो ढग समजून टाकून देऊ नकोस.

शक्तीवरून जळालेला पालापाचोळा काढायचं सूत्र सरळ आहे. वरच्या उदाहरणातली आग साधारण २३ मेगावॉट उष्णता विकिरणाने बाहेर टाकते. वूस्टर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दिलेला गुणक दर मेगाज्यूलमागे ०.३६८ किलो, म्हणजे सेकंदाला साडेआठ किलो जळण. कठीण भाग पुढे आहे, कारण आपल्याला हवी असते वेळेवरची बेरीज आणि ध्रुवीय कक्षेतला उपग्रह देतो क्षणचित्र. दुपारी दीडला उपग्रह गेला आणि आग तीनला भडकली, तर पुढची नोंद थेट रात्रीची. दर दहा मिनिटांनी पाहणाऱ्या भूस्थिर उपग्रहावरून दिवसभराच्या चढउताराचा आकार घे आणि त्याची उंची ध्रुवीय उपग्रहाच्या आकड्यांना जुळवून घे. माझ्या मते एवढ्या आवाक्याच्या कामाला यापेक्षा प्रामाणिक मार्ग नाही. अनेक वर्षांची तुलना करणार असशील तर आणखी एक सांभाळ : मोडिस वाहून नेणारे उपग्रह टेरा (१९९९) आणि अ‍ॅक्वा (२००२) आता आपल्या ठरल्या वेळेवरून सरकले आहेत. तपासल्याशिवाय त्यांच्या अलीकडच्या घट-वाढीवर विश्वास ठेवू नकोस.

उपग्रह एका फेरीत जमिनीचा जो पट्टा पाहतो, त्याच्या कडेचे पिक्सेलही जपून वापर. मोडिसचा १ किलोमीटरचा पिक्सेल कडेला सुमारे २ गुणिले ४.८ किलोमीटरचा होतो आणि लागोपाठच्या पट्ट्या एकमेकींवर चढतात. एकच आग दोनदा मोजली जाते, आणि लहान आग त्या मोठ्या पिक्सेलमध्ये हरवूनही जाते.

धुराच्या बाजूला तर हा घोळ जास्त वाईट आहे, कारण जिथे धूर सगळ्यांत दाट तिथेच आकडा गायब होतो. मोडिसवरून धूर मोजणारी डार्क टार्गेट पद्धत ५०० मीटरच्या २०×२० पिक्सेलची एक चौकट घेते. ढग, बर्फ, पाणी काढून उरलेल्यांतले सर्वांत गडद २० टक्के आणि सर्वांत उजळ ५० टक्के टाकून देते, आणि बाकीच्यांवरून १० किलोमीटरचा एक एओडी (हवेतले कण किती प्रकाश अडवतात त्याचा आकडा) काढते. धुराचा अरुंद लोट चौकटीतून जात असेल तर तोच सर्वांत उजळ! तो टाकला जातो आणि शेजारची बऱ्यापैकी स्वच्छ हवा मोजली जाते. लोट रुंद असेल तर त्याच्या कडांवरचे चढउतार ढगासारखे दिसतात आणि ढगाच्या मास्कमध्ये जातात. शिवाय ही पद्धत २.१ मायक्रॉनच्या परावर्तनावरून जमिनीचा लाल आणि निळा रंग अंदाजते. धुराचे कण बारीक असल्याने त्या तरंगलांबीला धुरातून जमीन दिसते, म्हणून हे साधतं. पण ताज्या जळलेल्या जमिनीवर ते प्रमाण टिकत नाही. आगीच्या अगदी जवळ मायाक या दुसऱ्या पद्धतीचा १ किलोमीटरचा एओडी घे, आणि तिथेही गुणवत्तेचे निशाण वाचल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

पडताळणीला एरोनेट या जमिनीवरच्या जाळ्याची सूर्य-फोटोमीटर (सूर्याचा थेट प्रकाश मोजणारी यंत्रं) आहेत. एओडीतली त्यांची चूक साधारण ०.०१ ते ०.०२, एवढं भरवशाचं दुसरं काही नाही. पण तेही सूर्याकडेच बघतात. एओडी १ असताना थेट प्रकाश ३७ टक्के पोचतो, ५ असताना टक्काही नाही. भर वणव्यात त्यांच्याही नोंदीत खिंडारं पडतात. तेव्हा ‘उपग्रह आणि फोटोमीटर छान जुळले’ असं वाटलं, तर ते कुठल्या एओडीपर्यंत जुळले हे आधी बघ. धूर की धूळ, हे ४४० आणि ८७० नॅनोमीटरवरून काढलेल्या आंग्स्ट्रॉम घातांकावरून कळतं : दीडच्या वर असेल तर बारीक कण, बहुधा धूर, अर्ध्याच्या खाली असेल तर धूळ.

ट्रोपोमी या उपग्रहावरच्या सेन्सरचा अतिनील एरोसॉल निर्देशांक ढगांवरचा धूरही दाखवतो, त्यामुळे रिकाम्या जागा भरायला मोह होतो. तो फक्त ‘धूर आहे’ एवढ्यासाठी वापर, ‘किती’ यासाठी नाही. तो उंचीवर फार अवलंबून असतो. जमिनीलगतचा दाट धूर त्यात फिका दिसतो आणि वर चढलेला पातळ धूर ठळक. ऑस्ट्रेलियात २०१९-२० च्या उन्हाळ्यातला धूर आतल्या काजळीने ऊन शोषून तापत तापत ३० किलोमीटरच्याही वर गेला होता. उंची टेरावरच्या मिसर या सेन्सरच्या नऊ कॅमेऱ्यांवरून किंवा कॅलिप्सो उपग्रहाच्या जुन्या लायडार (लेझरने उंची मोजणाऱ्या यंत्राच्या) नोंदींवरून मिळते, पण दोघांचाही मार्ग अरुंद. तुझ्या आगीवरून ते नेमके गेले असतील तर भाग्य समज.

सुरुवात अशी कर : एकाच महिन्याच्या फायली घे आणि दर दिवसाला ४, ५ आणि ६ चे पिक्सेल किती ते मोज. मग ज्या दिवशी एओडी सर्वांत जास्त, त्या दिवशी ४ आणि ६ किती वाढले ते मांड. तो आलेख मला पाठव, त्यावरून रिकाम्या जागा कशा भरायच्या ते ठरवू.

तुझा,
श्रीधर