तुमच्या ट्रक फॉग लॅम्प किटबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: 24 व्होल्टच्या गाडीसाठी म्हणून विकलेल्या किटमधला रिले जळाला, पैसे परत मिळण्याबाबत

नमस्कार,

मी निफाड तालुक्यातला, स्वतःचा एकच ट्रक आहे आणि तो मीच चालवतो, लासलगावहून कांदा भरून वाशी मार्केटला नेतो. पावसाळ्यात कसारा घाटात धुकं असं उतरतं की समोरच्या गाडीचं टेललाईटही दिसत नाही, म्हणून तुमचं एलईडी फॉग लॅम्पचं किट 2,450 रुपयांना ऑनलाईन मागवलं. खोक्यावर ठळक लिहिलंय, "12/24 व्होल्ट, कोणीही बसवू शकतो, मेकॅनिकची गरज नाही". मी वायरिंगमध्ये नवीनच, म्हणून तर हे वाचून घेतलं आणि तुमच्या कागदावर जसं दाखवलंय तसंच बसवलं, रिलेच्या (स्विचच्या इशाऱ्यावर लॅम्पची मोठी लाईन चालू-बंद करणारी डबी) 30 नंबरच्या पिनला बॅटरीचा प्लस, 87 वरून लॅम्प, 86 ला स्विच, 85 अर्थ, एक पिन इकडची तिकडे नाही.

लॅम्प मस्त लागले. मग एका रात्री घाटातच केबिनमध्ये प्लास्टिक जळल्याचा वास सुटला आणि दोन्ही लॅम्प गपकन बंद. मागे लोड, समोर धुकं, गाडी कशीबशी कडेला घेतली, बॅटरीचा कटऑफ ओढला आणि उजाडेपर्यंत तिथंच बसलो. माल मार्केटला उशिरा गेला त्याचं काय झालं ते इथं लिहीत नाही, कारण ते तुम्ही भरून देणार नाही हे मला माहितीये.

घोटीच्या वायरिंगवाल्याने रिले खोलला तर आतली कॉईल, म्हणजे तारेचं वेटोळं, काळी कुळकुळीत. आणि खरी गंमत पुढे आहे, रिलेवरचं तुमच्या कंपनीचं स्टिकर नखाने सोललं तर खाली छापलेलं निघालं "12V". लॅम्प 24 वर चालतात कारण एलईडीचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला वीज पुरवणारं आतलं सर्किट, दोन्ही व्होल्टेज घेतो, पण रिलेच्या कॉईलला ते जमत नाही. ट्रकमध्ये 12 च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात, गाडी चालू असली की 28 च्या आसपास व्होल्टेज येतं, आणि दुप्पट व्होल्टला कॉईल चौपट तापते. म्हणजे तो रिले जळणारच होता, आज नाही तर उद्या.

मग वायरिंगवाल्याने वायर पण बघितली. ब्लेडने खरवडली तर वरून तांबडी आणि आत पांढरी, तांब्याचा नुसता मुलामा, आत ॲल्युमिनियम. लिस्टिंगवर मात्र "प्युअर कॉपर". त्यात फ्यूज दिलाय हिरवा, 30 अँपिअरचा. दोन लॅम्प मिळून 120 वॅट, 24 वर 5 अँपिअर होतात, साडेसात नाहीतर दहाचा फ्यूज भरपूर झाला, आणि त्या दोऱ्यासारख्या वायरवर 30 चा टाकला तर शॉर्ट झाल्यावर फ्यूज राहील बाजूला आणि वायरच पेटेल. शिवाय कागदावर फ्यूज दाखवलाय केबिनमध्ये स्विचजवळ! बॅटरी खाली चेसिसला, तिथून वर केबिनपर्यंतची सगळी वायर बिनफ्यूजची, आणि केबिन टिल्ट करताना ती नेमकी बिजागरापाशी चेंगरते. फ्यूज बॅटरीच्या प्लसपाशी लावा एवढं एक वाक्य छापायला किती शाई लागते?

सोबतच्या मोबाईल चार्जरबद्दल तर लिहिलंय की 12 व्होल्ट हवे असतील तर एकाच बॅटरीवरून लाईन घ्या. सुदैवाने मी तो बसवलाच नाही. असं केलं की एक बॅटरी सतत उतरते आणि दुसरी ओव्हरचार्ज होऊन तिचं पाणी उडतं, जोडीच खराब. त्याला 24 ते 12 चा कन्व्हर्टर लागतो, हे जुन्या ड्रायव्हरला माहीत असतं, पण तुम्ही किट विकताय नवख्यांना.

कस्टमर केअरला फोन केला तर उत्तर काय, "तुम्ही स्वतः फिटिंग केलं म्हणून वॉरंटी गेली". अहो, खोक्यावर स्वतः बसवा म्हणून तुम्हीच लिहिलंय ना? वर त्या माणसाने ऐकवलं की ट्रक धंद्याचा असल्यामुळे मी ग्राहकच नाही. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा वाचा म्हणावं, जो स्वतः राबून पोट भरण्यासाठी वस्तू घेतो तो ग्राहकच धरलाय त्यात.

मला किटचे पूर्ण पैसे परत पाहिजेत. दुसरा रिले पाठवतो वगैरे नको. आणि हे किट ज्यांनी ज्यांनी 24 च्या गाडीला लावलंय त्यांना सगळ्यांना मेसेज करून रिले आणि फ्यूज बदलायला सांगा, ऑर्डरचे नंबर तुमच्याकडे आहेतच. 15 दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या 1915 वर तक्रार नोंदवणार आणि तिथं नाही भागलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार.

बिल, खोक्याचे फोटो आणि सोललेल्या स्टिकरचा फोटो सोबत जोडलाय. जळालेला रिले माझ्याकडेच आहे, तपासायला पाहिजे असेल तर माणूस पाठवा, सहीशिक्क्याची पावती दिल्याशिवाय हातात देणार नाही.

आपला ग्राहक,
एक ट्रकमालक-चालक, निफाड