बाबा, बाण मोठा करून घ्या

डब्लिन

ती. बाबांना सा. न.

आई म्हणत होती की तुम्ही बँकेचं स्टेटमेंट बघताना सारखा माऊस गरागरा फिरवता, बाण कुठं गेला बाण कुठं गेला करता आणि आता परत चष्म्याचा नंबर काढायला निघालात. डोळे तपासून घ्याच, पण आधी हे वाचा, कारण मला नाही वाटत सगळा दोष डोळ्यांचा आहे.

तुमच्या लॅपटॉपवर विंडोजच्या जागी उबुंटू आहे ना, त्यात बाण मुळात २४ पिक्सेलच्या, म्हणजे पडद्यावरच्या २४ बारीक ठिपक्यांच्या, चौकोनात बसवलेला असतो. पूर्वीच्या १७ इंची चौकोनी मॉनिटरवर तो चौकोन सहा मिलिमीटरच्या वर जायचा, आणि तुमचा आताचा लॅपटॉप १४ इंची फुल एचडी, पिक्सेल इतके दाटीवाटीने की तेच २४ पिक्सेल चार मिलिमीटर पण भरत नाहीत. त्यात बाण काळा, आणि वॉलपेपर तुम्ही लावलाय काळाकुट्ट अमावस्येचा! तो आधी बदला, फिकट काहीतरी लावा.

मग सेटिंग्ज उघडा, डावीकडच्या यादीत खाली ॲक्सेसिबिलिटी दिसेल, त्यात सीइंग, त्यात कर्सर साइझ. तिथं पाच साइझ आहेत, २४ पासून ३२, ४८, ६४ करत ९६ पर्यंत, तुम्ही मधला लार्ज घ्या, म्हणजे ४८चा. एकदम लार्जेस्ट नको हं, मला माहितीय तुम्ही तोच घेणार, पण क्लिक होतं ते फक्त बाणाच्या टोकाला, बाकीचं धूड नुसतं आकड्यांवर बसतं आणि मग खालचं वाचता येत नाही. सेव्ह वगैरे काही करायचं नाही, निवडलं की लगेच मोठा होतो, फक्त आधीपासून उघडलेल्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये जुनाच बारका बाण दिसला तर तो बंद करून परत उघडायचा, नाहीच जमलं तर लॉग आउट करून परत आत यायचं.

अजून एक, आणि खरं तर हेच तुम्हाला जास्त आवडेल. त्याच ॲक्सेसिबिलिटीत पॉइंटिंग अँड क्लिकिंगमध्ये लोकेट पॉइंटर म्हणून आहे ते चालू करा. मग बाण हरवला की कीबोर्डवरचं डावीकडचं कंट्रोल नुसतं दाबून सोडायचं, बाण असेल तिथं गोल गोल लहरी उठतात. माऊस फिरवत बसायची गरजच नाही.

दादाच्या लॅपटॉपवर केडीई आहे, म्हणजे खिडक्या, मेनू, सेटिंग्ज सगळं तुमच्यापेक्षा निराळं, त्याचं वेगळं. त्यात प्लाझ्मा ६.१ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२४ पासून, माऊस जोरजोरात हलवला की बाण आपोआप फुगतो, त्याला काही करायला लागत नाही. तुमचं बघून तो उगाच सेटिंग्ज शोधत बसेल म्हणून सांगतेय.

अडलं तर रविवारी कॉल करा, इथं सकाळ असते तेव्हा, नाहीतर दादाला बसवा शेजारी. आईला म्हणावं मेतकूट मिळालं, अर्धं संपलं पण.

तुमची,
मनू