खंडेनवमीच्या दिवशी माऊला

वरणगाव, खंडेनवमी

चि. माऊ,

अनेक आशीर्वाद.

सकाळी विळी, कात्री, बाबांची पान्यांची पेटी आणि माझं शिवणयंत्र पुसून मांडलं. हळद-कुंकू लावलं, एकेक झेंडूचं फूल ठेवलं. तेवढा वेळ तू गेल्या आठवड्यात अमेरिकेतून पाठवलेला फोटो डोळ्यांपुढून हलत नव्हता. जेवणाच्या टेबलावर जुनी चादर, तिच्यावर तुझ्या एआर-१५ रायफलची नळी वेगळी, दस्ता वेगळा, पिना आणि स्प्रिंगा ओळीने लावलेल्या, आणि खाली तुझे शब्द, "आई, यंदा माझीपण खंडेनवमी." मी लगेच फोन केला आणि म्हटलं, माणसं मारायचं हत्यार घरात आणलंस. तू शांतपणे विचारलंस, "मग तू सव्वीस वर्षं काय केलंस, आई?" आणि फोन ठेवलास.

प्रश्न बरोबर होता. फोनवर उत्तर सुचलं नाही, म्हणून लिहायला बसले.

बाबा गेले तेव्हा तू दुसरीत होतीस. अनुकंपेवर मला ऑर्डनन्स फॅक्टरीत घेतलं आणि काडतुसांच्या तपासणीवर बसवलं. मी तुला कधी नीट सांगितलं नाही काय करायचे ते. तू विचारलंस की "नट-बोल्ट तपासते" म्हणायचे. आज सांगते. ७० भाग तांबं आणि ३० भाग जस्त अशा पितळाची एक वाटी असते. ती दाबून, ओढून, मधे मधे तापवून मऊ करत तिचं लांब नळकांडं करतात. मग तळ ठोकायचा, मान आवळायची, ठोका बसला की पेटणारी कॅप तळात बसवायची, दारू भरायची आणि वर बुलेट. ५.५६ मिलिमीटरचं पुरं काडतूस हातात घेतलं तर १२ ग्रॅमच्या आसपास भरतं. त्यातली बुलेट ४ ग्रॅमची. ती सेकंदाला ९०० मीटरच्या वर वेगाने नळीबाहेर पडते. ट्रेमध्ये शेकड्याने चमकत पडलेली असायची, आणि त्यातलं वाईट शोधायचं हे माझं काम. मानेला केसाएवढी भेग, पोटाला पोचा, कॅप नीट आत न गेलेली, क्वचित उलटीच बसलेली. कधी भिंग लावून, कधी बोट फिरवून. डोळ्याआधी बोटाला कळायला लागलं होतं.

ते काडतूस कुठल्या तरी जवानाच्या गालापासून चार बोटांवर फुटणार, एवढंच मी डोक्यात ठेवायचे. त्या पगारावर तुझी फी गेली, जळगावची क्लास-बस गेली, तुझं पहिलं विमानाचं तिकीट गेलं. त्याची मला लाज नाही. तुला "हत्यार आणलंस" म्हणून टोचलं, ते माझं चुकलं.

पण माझ्या कामात आणि तुझ्या टेबलात एक फरक आहे, तो तुला दाखवायचा आहे. माझ्या हातून गेलेलं काडतूस पुढे आणखी दोघींच्या नजरेखालून जायचं. प्रत्येक लॉटमधली थोडी नमुना म्हणून काढून, प्रत्यक्ष उडवून दाब आणि वेग मोजायचे. पेटीवर लॉट नंबर, रजिस्टरला सही, कोठाराची किल्ली तिसऱ्याकडे. सुटताना गेटवर झडती. रिकामी पुंगळीसुद्धा बाहेर जात नव्हती. एका माणसाच्या हातात तिथे काहीच नव्हतं. तुझ्या घरी तपासणारी तू, कोठार सांभाळणारी तू आणि झडती घेणारीही तूच.

तुझी रायफल मला बघवली नाही, असं मी खोटं लिहिणार नाही. फोटो मोठा करून करून पाहिला. मग तिच्याबद्दल वाचत बसले. यूजीन स्टोनर नावाच्या इंजिनिअरने १९५०च्या दशकात आर्मालाइट या छोट्या कंपनीत ती आखली. 'एआर' ही अक्षरं त्या कंपनीच्या नावातली, लोक समजतात तसा त्यांचा 'असॉल्ट'शी संबंध नाही. १९५९ मध्ये कोल्टने हक्क घेतले. सैन्यात ती एम-१६ झाली, आणि एका चापाला एकच गोळी सुटेल अशी तिची बहीण साध्या गिऱ्हाइकांसाठी विकायला आली. दोन पिना ढकलल्या की वरचा भाग आणि खालचा भाग सुटे होतात, म्हणून तर तुझ्यासारखीला घरी बसून सगळं बदलता येतं. दस्ता तुझ्या लहान हाताला बसावा म्हणून आत घेतलास, चाप हलका बसवलास, पुढची जाळी, रेलवर तो लाल ठिपक्याचा नेम. आठवीत असताना माझं शिवणयंत्र तू असंच खोलून ठेवलं होतंस, वर्तमानपत्रावर, स्क्रू लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने. मी ओरडले होते. संध्याकाळी जोडून दिलंस तेव्हा टीप पहिल्यापेक्षा सरळ पडत होती. तो हात मी फोटोत ओळखला. कुणी काही म्हणो, त्या हाताचं मला कौतुकच आहे.

मला चक्रावून टाकलं ते तिथल्या कायद्याने. नंबर ठोकलेला खालचा भाग म्हणजेच 'बंदूक'. त्याच्यासाठी दुकानात फॉर्म भरायचा, एफबीआयकडून तपासणी व्हायची. नळी, बोल्ट, चाप, दस्ता मात्र साडीसारखे कुरिअरने घरपोच. आपल्याकडे माझ्या आजोबांची ठासणीची बंदूक होती, रानडुकरांपासून शेत राखायला. तिचा परवाना ते पोथीबरोबर ठेवायचे. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा, मतमोजणी झाली की परत आणायची. तुझ्यासारखी रायफल तर इथे साध्या माणसाच्या परवान्यात बसतच नाही.

तू ती का घेतलीस हेही मी विसरलेले नाही. ६ मे २०२३ला टेक्सासातल्या अ‍ॅलनच्या त्या आउटलेट मॉलमध्ये आठ माणसं गेली. त्यात तेलंगणातली एक इंजिनिअर मुलगी होती, तुझ्याहून लहान. तिथून तू वीस मिनिटांवर राहतेस, आदल्या महिन्यात तिथूनच माझ्यासाठी चपला घेतल्या होत्यास. त्या रात्री तू फोनवर बोललीच नाहीस, नुसती श्वास घेत होतीस. मारणाऱ्याच्या हातातही एआर-१५च्याच जातीची रायफल होती. उवाल्डेच्या शाळेत २४ मे २०२२ला १९ मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या, तिथेही तीच जात. तू म्हणतेस, अमेरिकेत बहुतेक खून पिस्तुलाने होतात, रायफलचा वाटा थोडा. ते खरं आहे, मी पडताळून पाहिलं. तरी ज्या गोष्टीच्या भीतीने तू ती घेतलीस, तीच गोष्ट आता तुझ्या कपाटात आहे, एवढं मनात असू दे.

तू रेंजवर जातेस, स्पर्धेत उतरायचं म्हणतेस, ते मला आवडलं. पॅरिसला कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफलमध्ये कांस्य मिळवलं. तो रेल्वेतला असल्यामुळे आपल्या भुसावळात सगळ्यांना तो घरचाच वाटतो. त्याच्या आणि तुझ्या बुलेटची जाडी जवळजवळ सारखी आहे, ५.६ आणि ५.५६. तुझ्या काडतुसातली ताकद मात्र दहा पटींहून जास्त. हे मला आकडे बघून कळलेलं नाही. चाचणीच्या बाजूने एकदा जाताना पायाखालच्या फरशीतून कळलं होतं.

आता चेकरीण म्हणून चार गोष्टी सांगते, त्या ऐक.

नळीवर काय कोरलंय ते वाच. '.२२३' लिहिलं असेल तर त्यात ५.५६चं सैनिकी काडतूस घालू नकोस. बाहेरून जुळी दिसतात, पण दाब आणि नळीत काडतूस बसतं त्या घराचं माप वेगळं असतं. उलटं, म्हणजे ५.५६च्या नळीत .२२३, चालतं. नळी किंवा बोल्ट बदललास तर गेजने माप घेतल्याशिवाय बार काढायचा नाही. तुझ्याकडे गेज नसेल तर बंदुकीच्या कारागिराकडून करून घे, पैशाकडे बघू नकोस. आणि रोज रात्री भरायचं, सकाळी काढायचं, त्याच काडतुसाला परत परत चढवायचं, हे करू नकोस. तुझ्या रायफलीत टोचा, म्हणजे कॅपवर आदळणारी पिन, मोकळा असतो, बोल्ट पुढे आदळला की कॅपवर बारीक ठिपका उमटतो. बुलेटही हळूहळू आत सरकते. मी असं काडतूस बघताक्षणी बाजूला काढलं असतं. एकाच चापात गोळ्यांची माळ सुटेल असा कुठला भाग कुणी मित्राने गमतीने दिला, तर घरातसुद्धा आणायचा नाही. तो तिथे मोठा गुन्हा आहे, १९८६ नंतर बनलेली तसली बंदूक साध्या माणसाला ठेवताच येत नाही.

तुझ्याबरोबर राहणारी ती नाशिकची मुलगी अजून व्हिसावर आहे ना? तुझं आता नागरिकत्व झालं, तिचं नाही. शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद सोडले तर व्हिसावरच्या माणसाला तिथे बंदूकच काय, काडतूसही बाळगता येत नाही. तिला तिजोरीचा आकडा माहीत असता कामा नये. गंमत म्हणून हातात दे, फोटो काढ, हे नको. तुझ्या हौसेपायी तिची वर्षानुवर्षांची रांग वाया जायला नको.

इथपर्यंत लिहून मी उठले होते. स्वयंपाक केला, झाकून ठेवला, आणि परत बसले, कारण ज्याच्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते अजून लिहिलेलंच नाही.

ती दोन वर्षं, माऊ. नोकरी गेली, घर मोडलं, आणि तू सहा-सहा दिवस फोन उचलायची नाहीस. मी रात्री उठून घड्याळ बघायचे, आत्ता तिथे किती वाजले असतील म्हणून. तू नंतर सांगितलंस की तेव्हा जगावंसं वाटत नव्हतं. डॉक्टरकडे गेलीस, गोळ्या घेतल्यास, बाहेर आलीस. तुझ्या त्या धैर्यापुढे माझी सव्वीस वर्षं काहीच नाहीत. पण मी वाचलंय की अमेरिकेत बंदुकीने जाणाऱ्यांत निम्म्याहून जास्त माणसं स्वतःच्या हाताने जातात. मॉलमधली, शाळेतली बातमी होते, या माणसांची होत नाही. तो झटका बहुतेकांना थोड्या वेळाचा असतो. मधे वेळ गेला, साधन हाताशी नसलं, तर माणूस वाचतो, आणि वाचलेले बहुतेक जण पुढे जगतात. घरात बंदूक असली की तो मधला वेळच उरत नाही.

मी ती विकून टाक म्हणत नाही. म्हटलं तर तू ऐकणार नाहीस, आणि पुढच्या वेळी फोटोही पाठवणार नाहीस. माझं मागणं एकच आहे. कोठाराची दुसरी सही कुणाची तरी असू दे. तुझ्या रेंजवरची ती निवृत्त बाई, जिच्याबद्दल तू भरभरून सांगतेस, तिच्याशी आत्ताच बोलून ठेव, मन स्वच्छ आहे तेव्हाच. झोप उडाली, जेवण सुटलं, फोन उचलवेना, की त्याच दिवशी रायफल तिच्याकडे. काही दुकानंही तात्पुरती ठेवून घेतात असं वाचलं. कारण सांगायची गरज नाही. बरं वाटलं की घेऊन ये. आमच्याकडे एखादीचे डोळे आले तर ती त्या दिवशी तपासणीवर बसायची नाही. ट्रे शेजारणीकडे सरकवायची, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटायचा नाही. माझेही आले होते. मीही सरकवलाय.

तिचा नंबर मला पाठव. मी तिला त्रास देणार नाही. मोडकंतोडकं इंग्रजी आहे माझं, पण "माय डॉटर" एवढं म्हणता येतं.

डिसेंबरात येशील तेव्हा रेंजवर नेतेस ती बॅग आणू नकोस. दुसरी आणलीस तरी तिचा एकेक कप्पा उलटा करून झटक, जॅकेटचे खिसेसुद्धा. अस्तरात अडकलेल्या एका विसरलेल्या काडतुसापायी इथे विमानतळावर लोकांवर शस्त्र कायद्याखाली गुन्हे दाखल झालेत, मग वकील, कोर्ट, पासपोर्ट अडकलेला. तू गेल्या वेळी म्हणालीस, तुला दाखवायला एक रिकामी पुंगळी आणते. तीही नको.

फोटो पाठव. काडतुसाच्या तळाचा, जवळून, उजेडात. परवाच्या फोटोत एका काडतुसाच्या तळावर 'एलसी' अशी अक्षरं आणि सालाचे दोन आकडे दिसले होते. शोधलं, तर मिसुरीतल्या लेक सिटी कारखान्याचं निघालं, १९४१ सालचा कारखाना. माझ्या ट्रेमधल्यांवर 'ओएफव्ही', म्हणजे आपली ऑर्डनन्स फॅक्टरी वरणगाव, असं असायचं. तिकडेही कुणी तरी ट्रे पुढ्यात घेऊन बसत असेल, बोट फिरवत. एक मान आणि एक कॅप नीट दिसेल असा काढ. मला बघायचंय त्यांचं काम कसं आहे ते.

तुझी,
आई