धाप लागते म्हणून बसवून ठेवू नका

महोदय,

हिवाळ्यात तुर्भे-महापे पट्ट्यावर धुरके साचले की फुप्फुसांचा जुना आजार असलेल्यांनी घराबाहेर पडू नये, असा सल्ला दिला जातो आणि तो योग्यच आहे. मात्र आपल्या घरांत तो बारमाही होतो. धाप लागणाऱ्या माणसाला प्रेमापोटी पाण्याचा पेलाही उठून घेऊ दिला जात नाही. या सक्तीच्या विश्रांतीत मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू झिजतात, झिजलेल्या स्नायूंत थोड्या श्रमानेही लॅक्टिक आम्ल लवकर साचते, त्यामुळे श्वास अधिक फुलतो आणि रुग्ण आणखीच जागेवर बसतो.

यावर देखरेखीखालील व्यायामाचा उपाय सिद्ध झालेला आहे. सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणाऱ्या फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या, रुग्णांवरील 65 चाचण्यांचा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने 2015 मध्ये घेतलेला आढावा सांगतो की, अशा कार्यक्रमाने धाप आणि थकवा कमी होतो व चालण्याची क्षमता वाढते. फुप्फुसांची झालेली हानी मात्र भरून येत नाही आणि श्वासातून औषध घेण्याचा पंपही बंद करता येत नाही, हे रुग्णाला आधीच स्पष्ट सांगावे. अन्यथा दोन आठवड्यांत निराश होऊन तो येणे सोडतो.

यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. सहा मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीसाठी 30 मीटरची सरळ मार्गिका, ऑक्सिमीटर, खुर्च्या, हलकी वजने, गरजेपुरता ऑक्सिजन आणि या कामाचे प्रशिक्षण घेतलेला फिजिओथेरपिस्ट एवढे पुरते. 0 ते 10 च्या मापावर धाप साधारण 4 ते 6 पर्यंत जाईल इतपत श्रम करवून घ्यायचे असतात, म्हणजे धाप लागणे येथे अपेक्षितच असते. रुग्णाची भीती जाते ती शेजारी जाणकार उभा असल्यामुळे. नवी मुंबई महापालिकेच्या वाशी, नेरूळ आणि ऐरोली येथील रुग्णालयांत आठवड्यातून दोनदा, किमान आठ आठवड्यांचे असे वर्ग नियमित चालावेत आणि त्यांची वेळ बाह्यरुग्ण विभागातील फलकावर लावावी. (फिजिओथेरपी म्हणजे गुडघे आणि कंबर, ही समजूत रुग्णांइतकीच काही डॉक्टरांचीही असते.) आजार बळावून दाखल झालेल्या रुग्णाला घरी सोडतानाच, चार आठवड्यांच्या आत वर्ग सुरू होईल अशी चिठ्ठी द्यावी.

वर्ग संपल्यावर व्यायाम सुटला तर मिळालेला लाभ वर्षभरात ओसरू लागतो. म्हणून महापालिकेच्या उद्यानांतील चालण्याच्या मार्गांवर थोड्या थोड्या अंतराने बाके आणि अंतराच्या खुणा असाव्यात. पुढचे बाक किती दूर आहे हे दिसले नाही, तर असा रुग्ण फाटकातूनच परत फिरतो.

— एक वाचक, कोपरखैरणे, नवी मुंबई