मंद चालणारी मोटर पाठवली, चकाकती बंद मोटर परत आली

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : विलीज जीपच्या मूळ व्हॅक्यूम वायपर मोटरची सदोष दुरुस्ती, मोटरचे काढलेले जुने भाग व भरलेली रक्कम परत मिळणेबाबत.

महोदय,

माझ्याकडे सीजे-३बी जातीची विलीज जीप आहे. अमेरिकेतून आलेले सुटे भाग जोडून महिंद्राच्या मुंबईच्या कारखान्यात अशा जीप तयार होत, त्या काळातली. वडिलांनी ती लिलावात घेतली. इंजिन मूळचेच, चार सिलिंडरचे हरिकेन, आणि वायरिंग अजून ६ व्होल्टचे. काचेच्या चौकटीवर ट्रायको कंपनीची मूळ वायपर मोटर होती. ती ओल्या काचेवर मंद चालायची आणि मध्येच अडखळायची, म्हणून 'मूळ भाग जपून दुरुस्ती' ही आपली जाहिरात वाचून मी ती आपल्याकडे पाठवली. १४,५०० रुपये आगाऊ भरले. पार्सलमध्ये कागद ठेवला होता, त्यावर मराठीत आणि इंग्रजीत लिहिले होते : रंग देऊ नये, ब्लास्टिंग (वाळूचा मारा) करू नये, आतले चामडे शक्य तर तेच ठेवावे, बदललेला प्रत्येक भाग परत पाठवावा. हा कागद मिळाल्याचे आपल्या माणसाने फोनवर सांगितलेही होते.

परत आलेली मोटर आरशासारखी चमकत होती, आणि चालत नव्हती.

आपल्या सेवा विभागाने मला व्हॉट्सॲपवर कळवले की 'व्हॅक्यूम वायपर असेच असतात, घाटात थांबतातच.' हे उत्तर ज्याने ही गाडी चालवलेली नाही त्याला पटेल. या मोटरला वीज लागत नाही. इंजिन हवा ओढते तेव्हा इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीत, जो व्हॅक्यूम (हवेचा कमी दाब) तयार होतो, त्याच्यावर ती चालते; लोहाराच्या भात्याची उलटी क्रिया म्हणा. आत अर्धगोल पेटी, पेटीत एक पॅडल, पॅडलच्या कडेला चामड्याची किनार. एका बाजूची हवा ओढली की पॅडल तिकडे झुकते. टोकाला पोचले की छोटा व्हॉल्व्ह पलटतो, मग दुसऱ्या बाजूची हवा ओढली जाते आणि पॅडल परत येते. ॲक्सिलरेटर दाबला की मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम पडतो आणि वायपर मंदावतो, हे खरे. पसरणी घाट पावसात चढताना पाय क्षणभर उचलून काच पुसून घ्यायची सवय आम्हाला लहानपणापासून आहे. पण याच कारणासाठी या इंजिनाच्या पेट्रोल पंपाला दुसरा डायफ्राम (हवा ओढणारा लवचीक पडदा) दिलेला असतो, चढावर व्हॅक्यूमला हातभार लावायला. माझा पंप तसाच दुहेरी आहे आणि चालू आहे. आणि मुख्य म्हणजे मोटर घाटात थांबत नाही, ती वाईत घरासमोर, इंजिन निवांत चालू असतानाच थांबते. तेव्हा घाटाचे नाव घेऊन सुटता येणार नाही.

इथल्या मिस्त्रींनी गेज लावून पाहिले. मॅनिफोल्डवर १८ इंच (पाऱ्याचे) व्हॅक्यूम. मोटरच्या तोंडाशी येणाऱ्या पाइपातही १८ इंच. समुद्रसपाटीपासून वर जाल तसा दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी होतो, म्हणजे आमच्या उंचीला हा आकडा चांगलाच म्हणायचा. पाइप फुटलेला नाही, जोड गळत नाहीत. बटण फिरवले की वायपरचा आर्म डावीकडून उजवीकडे पूर्ण जातो आणि तिथेच राहतो. हाताने मागे आणला की पुन्हा उजवीकडे.

मग मिस्त्रींनी माझ्यासमोर चार स्क्रू काढून झाकण उघडले. फोटो आणि चित्रफीत सोबत जोडली आहे. मूळ पॅडल नाही. जाड रबराच्या शीटमधून कापलेला एक तुकडा आहे, त्याची कड सरळ नाही. झाकणाखाली कागदी पॅकिंग हवे, तिथे गॅस्केटचे सिलिकॉन थापलेले आहे, आणि ते आत ओघळून परतीच्या बाजूच्या हवेच्या भोकात जाऊन घट्ट झाले आहे. आर्म एकाच दिशेने का जातो, याचे उत्तर तिथे बोटाने दाखवता येते. मिस्त्रींनी भोक मोकळे करून पाहायची तयारी दाखवली होती, मीच नको म्हणालो. आपले काम आपल्याला दिसेल असेच राहू दे.

याहून वाईट गोष्ट पेटीच्या भिंतीवर आहे. आवरणाला ब्लास्टिंग केले आहे आणि त्याची बारीक वाळू आत राहिली आहे. पॅडलची किनार ज्या भिंतीवरून सरकते, ती गुळगुळीत असली तरच हवा अडते. तिच्यावर आता चरे आहेत. बाहेरची ट्रायकोची उठावाची अक्षरे बोथट झाली आहेत, वर काळा पावडर कोटिंगचा थर. रंग खरवडून काढता येईल, अक्षरे आणि भिंत परत येणार नाहीत.

आपल्याकडून नंतर असेही सुचवले गेले की १२ व्होल्टची विजेची मोटर अर्ध्या किमतीत बसवून देतो. नंतरच्या जीपना विजेची मोटर आली, ती चांगली चालते, त्यात वाद नाही. पण माझी गाडी ६ व्होल्टची आहे हे पाठवलेल्या कागदाच्या पहिल्याच ओळीत होते. १२ व्होल्टची मोटर ६ व्होल्टवर सरपटेल. शिवाय मला विजेचीच मोटर हवी असती तर ती कोणत्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळाली असती, जुनी मोटर एवढी जपून कुरिअरने पाठवायचे कारण नव्हते.

पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये नियम केले, त्यात 'व्हीए' मालिकेची वेगळी नोंदणी आहे आणि गाडी मूळ स्वरूपात असण्याची अट आहे. ती अट चासी, बॉडी आणि इंजिनातल्या बदलांना धरून आहे, त्यामुळे वायपरवरून माझी नोंदणी अडेल असे मी म्हणत नाही. मी म्हणतो ते एवढेच, की जुन्या गाड्यांच्या मालकांकडून मूळपणासाठी पैसे घ्यायचे आणि मूळ भागच काढून टाकायचे, हा व्यवहार बरोबर नाही.

माझी मागणी अशी. मूळ पॅडल, त्याची चामड्याची किनार, पलटता व्हॉल्व्ह आणि त्याची स्प्रिंग, जे जे आपण काढले ते सगळे, ज्या अवस्थेत असेल त्या अवस्थेत परत पाठवा. ते चामडे कडक झाले होते, फाटलेले नव्हते. तेल मुरवून मऊ झाले असते. पाठवण्याआधीच्या माझ्या फोटोत ते स्पष्ट दिसते. भाग फेकले असतील तर तसे लेखी कळवा. भरलेले १४,५०० रुपये आणि दोन्ही वेळचे कुरिअर परत करा. पुन्हा दुरुस्तीसाठी मी मोटर आपल्याकडे पाठवणार नाही.

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत हे न झाल्यास मी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवेतील त्रुटीबद्दल सातारा जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, त्यामुळे आपले कार्यालय दुसऱ्या शहरात असल्याची अडचण मला येणार नाही, आणि एवढ्या रकमेला शुल्कही नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करणारच आहे.

भाग पाठवताना चामडे सुती कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नका. वाईत सध्या पाऊस आहे, कोंदट जागेत त्याला दोन दिवसांत बुरशी धरेल.

कळावे,

आपला ग्राहक
(स्वाक्षरी)
वाई, जि. सातारा