विमानतळाभोवतीचे रस्ते दाखवणाऱ्या मरोळच्या काकांना आभारपत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

विलेपार्ले पूर्वेत राहून रोड बाइक, म्हणजे अरुंद टायरची वेगवान सायकल, चालवायची म्हटले की पहिला प्रश्न पडतो तो जायचे कुठे, हा. छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ घराला लागूनच आहे, आणि एकमेकींना छेदणाऱ्या त्याच्या दोन धावपट्ट्यांनी सांताक्रूझ-पार्ल्यापासून कुर्ल्यापर्यंतचा सारा पट्टा अडवलेला आहे. मिठी नदीलासुद्धा तिथे धावपट्टीखालून वाट काढावी लागते. आमच्या बाजूने दक्षिणोत्तर जायचे तर एकीकडे पश्चिम द्रुतगती महामार्ग आणि दुसरीकडे साकीनाका-जरीमरीवरून जाणारा अंधेरी-कुर्ला रस्ता, आणि नवख्या सायकलस्वाराला धडकी भरावी असे हे दोन्ही रस्ते. अशा जागी सुरक्षितपणे सायकल चालवता येते, हे आपण मला प्रत्यक्ष सोबत येऊन दाखवले. त्याबद्दल हे जाहीर पत्र लिहीत आहे.

सायकल घेतलेल्या प्रत्येकाला एकच सल्ला मिळतो : पहाटे लवकर निघावे, रस्ते मोकळे असतात. विमानतळावर ग्राउंड स्टाफमध्ये उमेदीची वर्षे काढलेल्या आणि शिफ्टला सायकलनेच जाणाऱ्या आपल्याकडून मला पहिल्यांदा समजले की सहारच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टर्मिनलच्या, आसपास हा सल्ला लागू पडत नाही. आंतरराष्ट्रीय विमानांची वर्दळ मध्यरात्रीनंतर वाढते, त्यांच्यापाठोपाठ सकाळच्या देशांतर्गत विमानांचे प्रवासी घराबाहेर पडतात, शिफ्ट बदलणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या गाड्या त्यातच मिसळतात आणि मालवाहतूक संकुलाकडे निघालेले टेम्पो-ट्रक गर्दीच्या वेळची बंदी लागण्याआधी पोहोचण्याच्या घाईत असतात. रस्ता रिकामा दिसतो म्हणून वेग वाढतो, आणि विमान गाठायच्या धांदलीतली टॅक्सी टर्मिनलकडे डावे वळण घेताना सरळ जाणाऱ्या सायकलीला सरळ कापून जाते. रविवारी सकाळची विमाने सुटल्यानंतर आणि बाजाराची गर्दी सुरू होण्याआधी जो थोडा वेळ मिळतो, तोच आपला, हे आपले म्हणणे मी आता इतरांनाही सांगते. नकाशात अंतर दिसते, रस्ताही दिसतो. पण कोणता रस्ता कोणत्या वेळी चालवण्याजोगा आहे, हे त्या रस्त्यावर वर्षानुवर्षे पॅडल मारलेल्या माणसालाच सांगता येते.

आरे वसाहतीच्या जंगलापर्यंतचा रस्ता आपण कसा बसवून दिला, ते इथे मुद्दाम नोंदवते, कारण तो अनेकांच्या उपयोगी पडेल. शहाजी राजे मार्गाने कोलडोंगरी गाठायची, पुढे अंधेरीच्या आतल्या रस्त्यांनी उड्डाणपुलाखाली येऊन महामार्ग सिग्नललाच ओलांडायचा, महाकाली गुंफा रस्त्याने वर चढायचे आणि अंधेरी-कुर्ला रस्त्याला शक्यतो न शिवता एमआयडीसीत शिरायचे. आठवड्याच्या दिवशी जिथे कंपन्यांच्या बसगाड्यांमुळे पाय टेकवायला जागा नसते, तेच एमआयडीसीचे अंतर्गत रस्ते रविवारी ओस असतात, ही गोष्ट मरोळमध्ये राहणाऱ्यालाच सुचावी. तिथून मरोळ-मरोशी रस्त्याने आरे. तिथेही उजाडल्याशिवाय आत जायचे नाही, हा आपला दंडक होता. बिबट्याचा वावर आणि अंधारात न दिसणारे गतिरोधक, ही दोन्ही कारणे आपण सारख्याच गांभीर्याने सांगितली होती.

हे सारे एकदा ठरवून भागले नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये अंधेरीचा रेल्वेरुळांवरचा गोखले पूल बंद झाला आणि पूर्व-पश्चिम वाहतुकीचा लोंढा इतर पुलांवर वळला. ज्या कॅप्टन गोरे पुलावरून मी निर्धास्तपणे पार्ले पश्चिमेला जात असे, तिथे रिक्षा आणि बसच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीतून सायकल काढावी लागू लागली. त्या काळात आपण माझा सगळा सराव पूर्वेलाच ठेवायला लावला. गोखले पुलाची एक बाजू फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली, तेव्हा आधी स्वतः जाऊन पाहून आलात आणि मगच मला तिकडून जायला सांगितले. अंधेरी सबवेबद्दल मात्र आपण कधीच सूट दिली नाही. पावसाळ्यात तिथे पाणी भरते, आणि पाण्याखाली खड्डा आहे की गटाराची जाळी हे कळायला मार्ग नसतो.

एक प्रसंग मात्र सविस्तर लिहिल्यावाचून राहवत नाही. नव्याने काँक्रीट झालेल्या एका रस्त्यावर, गुळगुळीत रस्ता मिळाला म्हणून मी अगदी कडेने चालले होते. आपण मला थांबवले, सायकल स्टँड नसल्यामुळे भिंतीला टेकवली, रस्त्याच्या कडेला उकिडवे बसलात आणि काँक्रीटची लादी जिथे संपते व पेव्हर ब्लॉक जिथे सुरू होतात, तिथल्या फटीत स्वतःची तर्जनी घातली. बोट पेराच्या वर आत गेले. माझ्या सायकलचे टायर २५ मिलिमीटर रुंदीचे. चाक त्या फटीत उतरले असते तर हँडल वळलेच नसते आणि मी उजवीकडे, वाहनांच्या बाजूला पडले असते. कडेपासून हातभर आत, सरळ रेषेत आणि मागच्याला दिसेल अशी सायकल चालवायची, हे मी त्या दिवशी शिकले. मेट्रोच्या कामासाठी टाकलेले लोखंडी पत्रे ओले असताना त्यांवर वळायचे नाही आणि ब्रेकही दाबायचा नाही, हेही त्याच सकाळचे.

वाकोल्याहून हंसभुग्रा मार्गाने कलिना आणि पुढे वांद्रे-कुर्ला संकुल हा दुसरा मार्गही आपलाच. संकुलात एके काळी खास सायकलमार्ग आखला गेला होता आणि त्यावर गाड्या उभ्या राहू लागल्या, हे सर्वांनी पाहिले आहे. त्याविषयी बोलताना आपल्या आवाजात जी तळमळ असे, ती मला फार मोलाची वाटते.

माझ्या मागे, थोडे उजवीकडे राहून आपण सायकल चालवत होता, म्हणजे मागून येणाऱ्या वाहनाला आधी आपली सायकल दिसे. आपण हे कधी बोलून दाखवले नाही. फार उशिरा माझ्या लक्षात आले. वयाने आणि अनुभवाने इतक्या मोठ्या माणसाने अनोळखी बाईसाठी स्वतःला असे आड घालावे, याचे आभार मानायला माझ्यापाशी पुरेसे शब्द नाहीत.

जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीवर आपण लाल-निळ्या शाईने काढून दिलेला नकाशा मी आपल्या परवानगीने आमच्या सोसायटीतल्या मुलामुलींना उतरवून दिला आहे. त्यांतल्या दोघींना महाविद्यालयात सायकलने जायचे आहे, म्हणजे रविवारचे आपले वेळापत्रक त्यांना चालणार नाही; आठवड्याच्या दिवसांसाठी वेगळा मार्ग बसवावा लागेल. मरोळच्या मिलिटरी रोडची सध्याची अवस्था आपण पाहिली असेलच. सवड होईल तेव्हा कळवावे, आम्ही तिघी आपल्याकडे येऊ.

आपली कृतज्ञ,
पार्ल्याची एक सायकलस्वार